तळ लागेपर्यंत

आमच्या गावातल्या पोरांचा असा समज आहे की मी तळ्यावर जाऊन मंत्र पुटपुटतो. पोरांचं काही चुकत नाही. पिकल्या केसांचा एक माणूस दिवस कलला की निळी काठी घेऊन बांधावर येतो, काठी खांद्यामागून पुढं हाणतो, पाण्यात काहीतरी चमकणारं टाकतो आणि मग हातपाय न हलवता नुसते ओठ हलवत उभा राहतो. हे बघून दुसरं काय वाटणार? मी आकडे मोजत असतो. एक, दोन, तीन. हे मोजणं मला आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, शिकवलं नाही, त्यांना त्याची गरजही नव्हती. ते मी शिकलो इथून दोन हजार किलोमीटरांहून लांब, हरमुख नावाच्या पहाडाखाली, जिथं भर जुलैतही तळ्याच्या काठाला मळकट बर्फ चिकटलेला असतो.

पण आधी आमचं तळं.

त्याला तळं आपलं आम्ही म्हणतो. सरकारी कागदावर तो पाझर तलाव आहे. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या रांगेत दोन टेकड्यांमधल्या घळीला आडवा मातीचा बांध घातलाय, तेवढंच. १९७२च्या दुष्काळात तो झाला. आजीने त्या बांधावर माती वाहिलेली. कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवरचा तांबडा मिलो यांवर त्या वर्षी घर जगलं, पण मिलोचा राग तिच्या मनातून शेवटपर्यंत गेला नाही. "ते काय माणसाचं खाणंय का," म्हणायची. पाझर तलावाचं काम मुळात पाणी साठवणं नव्हे, जिरवणं. वरचं पाणी हळूहळू भुईत उतरावं आणि खालच्या विहिरींना फुटावं, यासाठी तो असतो. म्हणजे तळं आटलं, तर कागदावरच्या हिशेबाने ते आपलं काम चोख करतंय. माशांना मात्र हे कुणी सांगितलेलं नाही.

आबांचा गळ म्हणजे वेळूची काठी, बीडच्या बाजारातून आणलेला नायलॉनचा दोरा, भेंडाचा तुकडा आणि मोरीच्या ओलीत उकरून काढलेली गांडुळं. चिंध्यांत ओली माती, मातीत गांडुळं आणि ते गाठोडं खिशात. आजी माळकरी. तिच्या चुलीवर मासा चढणं शक्यच नव्हतं. म्हणून गोठ्यामागं तीन दगडांची दुसरी चूल होती आणि एक पातेलं कायम पालथं पडलेलं असायचं, ज्याला घरातली कोणतीही बाई हात लावत नसे. एकादशी, श्रावण, वारी चालू असतानाचे दिवस, असं सगळं वजा जाता आबांच्या वाट्याला वर्षातून जेवढ्या संध्याकाळी येत, तेवढ्या ते तळ्यावर काढत. मी मागं मागं.

"बोलू नको," ते म्हणायचे. "त्याला आईकू येतंय."

"माशाला कान असतेत का, आबा?"

"अंगाला असतेत."

मी हसायचो. पुढं कळलं की ते अक्षरशः खरं होतं. माशाच्या दोन्ही अंगांना कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ जाते, आणि पाण्यातली थरथर त्याला त्या रेघेतून कळते. काठावर पाय आपटला की मासा दूर जातो तो त्यामुळे. पितळेचं एक फिरतं पातं पाण्यातून ओढलं की तो लांबून जवळ येतो, तोही त्यामुळेच.

आबांचे दोन नियम होते. पाण्याला आपली सावली दाखवायची नाही हा एक. दुसरा असा, की पावसाळ्यात पाण्यावर लालभडक पिलांचा घोळका तरंगताना दिसला, तर त्या अंगाला गळ टाकायचा नाही. ती मरळीची पिलं. त्यांच्याखाली त्यांचे मायबाप असतात आणि जवळ येईल त्याच्यावर झडप घालतात. खरं तर मरळ धरायला याहून सोपी वेळ नाही. ती भुकेने नाही, रागाने येते. आबा म्हणायचे, "रागात असलेल्याला धरण्यात काय मर्दुमकी?" आणि दुसऱ्या काठाला निघून जायचे.

मी शिकलो, बँकेत लागलो, आणि बदल्यांच्या रहाटगाडग्यात २०१७ साली श्रीनगरला जाऊन पडलो. घरी रडारड. आईने दोन किलो शेंगदाण्याची चटणी आणि डबाभर येसर बांधून दिलं, जणू काश्मीरला स्वयंपाकच करत नाहीत. आमच्या शाखेतले हेड कॅशियर निवृत्तीला टेकलेले, बारीक अंगकाठीचे काश्मिरी गृहस्थ होते. नोटांचं बंडल त्यांच्या बोटांतून असं जायचं की बघणाऱ्याला फक्त फरफर ऐकू यावी. त्यांच्या टेबलाच्या खणात रबरबँडच्या डब्याशेजारी एक छोटी सपाट डबी असे. एके दिवशी ती उघडी दिसली. आत कापसावर सहा-सात चकाकती पाती, प्रत्येकाच्या शेपटाला आकडा.

"ये क्या है?" मी विचारलं.

"इबादत," ते म्हणाले आणि डबी बंद केली.

माझं हिंदी आमच्या मराठवाड्याचं, निजामाच्या राज्यातून उरलेलं. "हमारे उधर गळ बोलते इसकू," मी म्हणालो, तेव्हा ते पहिल्यांदा मोकळे हसले. त्या दिवसापासून बँक बंद झाल्यावर मागच्या आवारात माझी शिकवणी सुरू झाली. पात्याच्या जागी शिशाचा तुकडा बांधायचा आणि भिंतीजवळ ठेवलेल्या बादलीत पाडायचा. दरवाजावरचा बंदूकवाला गार्ड आठवडाभर हे तोंड वाकडं करून बघत होता. दुसऱ्या आठवड्यात त्यानेही एकदा फेकून बघितलं आणि पहिल्याच फेकीत बादलीत पाडलं. माझं त्याच्याशी त्यानंतर फारसं जमलं नाही.

गळाची काठी आणि ही काठी यांत फरक काय, हे सांगायला हवं. गळ टाकून आपण वाट बघतो. मासा येईल, आमिष दिसेल, तोंड लावेल. इथं आमिष जिवंत नसतं, त्याला जिवंत करण्याचं काम आपल्या मनगटाचं. काठी सहा-साडेसहा फुटांची, शेंड्याला लवचीक. खाली छोटं स्पिनिंग रील. दोरा जेमतेम चार ते सहा पाउंड ताण सोसणारा, म्हणजे आपल्या पतंगाच्या दोऱ्याहून बारीक. दोऱ्याच्या टोकाला एक फिरकी कडी, आणि तिला तीन ते सात ग्रॅमचं स्पिनर किंवा स्पून. स्पिनरचं पातं मधल्या तारेभोवती गरगर फिरतं. स्पून नुसता पत्र्याचा बाकदार तुकडा, लंगडत्या माशासारखा डुलत येतो. ती फिरकी कडी विसरलो तर पातं दोऱ्यालाच पीळ भरतं आणि तासाभरात रिळावर चिमणीचं घरटं तयार होतं. मी ते घरटं अनेकदा बांधलं आहे. श्रीनगरातल्या एका दुकानदाराने मला वर्षानुवर्षं उन्हात पडलेला दोरा नवा म्हणून विकला होता, ती गोष्ट वेगळी. पहिल्या ओढीलाच तो ज्वारीच्या वाळल्या पात्यासारखा मोडला.

फेकायची रीत अशी: दोरा तर्जनीवर धरायचा, रिळाची तार उघडायची, काठी खांद्यामागून पुढं आणायची आणि ती समोर वर रोखली गेली की बोट सोडायचं. लवकर सोडलं तर पातं आभाळात जातं, उशिरा सोडलं तर पायाशी. पातं पाण्यावर पडलं की रिळाची तार हाताने मिटायची, मूठ फिरवून नाही. एवढ्याने अर्धा पीळ वाचतो. हे सगळं मला महिनाभरात जमलं. मोजणं मात्र तळ्यावर गेल्याशिवाय कळलं नाही.

पुढच्या वर्षी, २०१८च्या जुलैत, आम्ही मत्स्य खात्याचा परवाना काढून नारानागहून चढायला लागलो. ट्राउट ही थंड पाण्यातली मासळी, तिचा हंगाम तिकडे उन्हाळ्यापुरता. हिवाळ्याच्या तोंडाला ब्राउन ट्राउट अंडी घालते, तेव्हा पाणी तिच्याकडे सोडायचं. नारानागला पडक्या देवळांचे दगड आहेत, पाण्याचं एक कुंड आहे, आणि त्यानंतर नुसती चढण. देवदार संपले की भूर्ज लागतात, भूर्ज संपले की गवत. त्रुंखोलच्या कुरणात बकरवालांचे मातीलाकडाचे कोठे, मेंढ्या आणि अंगावर येणारी कुत्री. एका म्हाताऱ्याने आम्हाला खारा चहा पाजला. त्याची मेंढ्यांना हाक मारायची तऱ्हा ऐकून मला आमच्याकडचे धनगर आठवले. तेही दिवाळीनंतर असेच वाडे घेऊन उतरतात. फक्त हे लोक गवतासाठी वर चढतात आणि आमचे खाली.

गंगाबल दुसऱ्या दिवशी दिसलं. अडीच किलोमीटर लांब, निळं, आणि इतकं स्वच्छ की ते खोल आहे हेच पटत नाही. 'बल' म्हणजे काश्मिरीत जागा. हजरतबल, गांदरबल, तसं गंगाबल, गंगेची जागा. मी गोदावरीच्या मुलखातला. आमच्याकडे गोदावरीला गोदावरी फक्त शाळेच्या पुस्तकात म्हणतात. शेतकरी म्हणतो, गंगेला पाणी आलं. काठच्या पट्ट्याला म्हणतो गंगथडी. गंगापूर, गंगाखेड ही गावं तिच्याच नावाची. मी काठावर बसलो, काठी जोडली, आणि कॅशियरसाहेबांनी सहज सांगितलं की काश्मिरी पंडित भाद्रपदात इथं येऊन आपल्या माणसांच्या अस्थी सोडत आलेत.

मी काठी परत सोडवली.

आबांच्या अस्थी आम्ही गेवराई तालुक्यात राक्षसभुवनला नेल्या होत्या. मे महिना. गंगेचं पात्र म्हणजे वाळू आणि वाळू उपशाचे खड्डे. पाणी कुठाय ते शोधत आम्ही चुलते-पुतणे अर्धा तास चाललो, तेव्हा एका डोहात घोटाभर सापडलं. गुरुजींनी मंत्र म्हणत मडकं तिरपं करायला सांगितलं. राख वाहून गेली नाही. तिथंच बसली, पांढरी. नानांनी, माझ्या चुलत्यांनी, हाताने पाणी हलवलं, मग जरा पसरली.

कॅशियरसाहेबांनी मला काही विचारलं नाही. त्यांनी आपली डबी बंद केली आणि म्हणाले, "चलिए, नीचे चलते हैं." गंगाबलाचं पाणी एका ओढ्याने खाली नुंदकोल नावाच्या धाकट्या तळ्यात उतरतं. तिथं गेलो. नुंदकोल हेही नंदीचं तीर्थच मानलं जातं, हे मला परत आल्यावर कळलं. पण तोवर मासा धरून झाला होता, आणि नंदी आपल्या शेतकऱ्यांना सांभाळून घेतो असं मी मनाशी ठरवलंय.

त्यांनी मला काठाच्या दहा पावलं अलीकडेच थांबवलं. नवखा माणूस सरळ पाण्यात पाय घालतो आणि तळ्याच्या मधोमध फेकतो, म्हणाले. ट्राउट मधोमध नसते. ती काठाच्या उथळात गस्त घालत असते, किड्यांसाठी. आपण तिच्याच वाटेवर जाऊन उभे राहतो आणि ती कुठाय म्हणून लांब बघतो. म्हणून पहिली फेक काठाला समांतर. दुसरी जराशी आत. मग पंख्याच्या पात्यांसारखी एकेक कोन सरकवत. सूर्य समोर ठेवायचा, म्हणजे सावली मागं पडते. हे ऐकताना मला हसू आलं. तीन हजार मीटरच्या वर, एका काश्मिरी कॅशियरच्या तोंडून आबा बोलत होते.

उथळात काही मिळालं नाही. उन्हं वर आली होती. मग आम्ही ओढा तळ्यात शिरतो तिथं गेलो. ओढ्याचं पाणी किडेमकोडे घेऊन येतं, शिवाय ते उड्या मारत आलेलं असल्याने त्यात हवा मिसळलेली असते. वाहतं पाणी आणि थांबलेलं पाणी जिथं भेटतात तिथं पाण्यावर एक शिवण दिसते. त्या शिवणीच्या पलीकडे स्पून टाकायचा. टाकला की ओढायचा नाही. मोजायचं.

"एक," ते म्हणाले. ज्या माणसाला शंभराचं बंडल मोजायला मी कधी दहा सेकंद लागलेले पाहिले नव्हते, तो एकानंतर थांबला, दम घेतला आणि मग म्हणाला, "दो."

स्पून ठरावीक वेगाने बुडतो. एका आकड्याला साधारण हात-दीड हात. पहिल्या फेकीला तीनपर्यंत मोजून ओढायचं, दुसऱ्या फेकीला पाचपर्यंत, मग सात, मग नऊ. असं थर थर करत खाली जायचं. दोरा ढिला पडला की तळ लागला. मग त्याच्या एक आकडा अलीकडे थांबायचं, नाहीतर स्पून दगडात अडकतो आणि साडेतीनशे रुपये नुंदकोलला दान होतात. ज्या आकड्यावर ठोका बसेल तो आकडा लक्षात ठेवायचा, कारण त्या दिवशी त्या वेळी मासे त्या थरावर आहेत. बस, एवढीच विद्या. मी ऐकलेल्या मासेमारीच्या सगळ्या गप्पांत मला हीच विद्या सगळ्यांत शहाणी वाटते. पाण्याच्या वरून दिसत नाही ते आकड्याने चाचपायचं.

ठोका सातवर बसला. ठोका म्हणजे काय, तर मनगटात कुणीतरी आतून दार वाजवावं तसं. काठीचा शेंडा वाकला, रिळाचा ब्रेक किरकिरला आणि दोरा पाणी कापत डावीकडे निघाला. आबांच्या वेळूवर मासा लागला की ते एका हिसक्यात तो डोक्यावरून मागं रानात फेकत. इथं हिसका दिला की दोरा गेला. मासा जाईल तसं जाऊ द्यायचं, थांबला की आपण दोन हात घ्यायचे, परत गेला की परत द्यायचं. सावकाराशी बोलणी करावीत तसं. चारेक मिनिटांनी ती काठाला आली. ब्राउन ट्राउट. कोपरापासून मनगटापर्यंत जेवढी लांबी, तेवढी. पाठ शेवाळी, पोट लोण्यासारखं पिवळं, अंगावर काळे ठिपके आणि त्यांच्या मधून कुंकवासारखे तांबडे, प्रत्येक तांबड्याभोवती फिकट कडं. खवले इतके बारीक की कातडीच वाटावी. कॅशियरसाहेबांनी आधी माझे हात पाण्यात बुडवायला लावले. कोरड्या हाताने धरलं तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा नंतर बुरशीने मरतो. आकड्याचा उलटा काटा त्यांनी आधीच पकडीने चेपून ठेवला होता, त्यामुळे आकडा एका वळशात निघाला. मी हात उघडला. ती क्षणभर बोटांवर तशीच राहिली आणि मग नव्हतीच.

रात्री फोनला रेंज नव्हती. आठवड्याने नानांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "धरला अन् सोडला? मंग गेलता कशाला रं तिथवर?"

याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. पोट भरलेल्या माणसाने मासा सोडणं याला मी पुण्य समजत नाही. कॅशियरसाहेबही समजत नव्हते. पुढचे दोन त्यांनी परवान्यात बसतात म्हणून ठेवले आणि संध्याकाळी दगडाआड चूल मांडली. मी आईचं येसर काढलं. भाजलेलं धान्य आणि मसाला दळून केलेली आमची ती पूड, एरवी आमटीला लावायची. तिच्यात मीठ घालून ट्राउटला चोळली आणि तव्यावर टाकली. धान्य करपलं, मसाला करपला नाही. कॅशियरसाहेबांनी एक घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "इसमें मछली कहाँ है?" दुसरा मासा त्यांनी स्वतः भाजला, नुसता मीठ लावून. तो चांगला होता, हे कबूल करायला हवं.

ही ट्राउट मूळची आपली नव्हेच. गोऱ्या साहेबाला काश्मीरचे ओढे बघून घरच्या ओढ्यांची आठवण आली, म्हणून ती आणली गेली. १८९९ साली विलायतेहून अंडी मागवली, ती वाटेतच मेली. पुढच्या वर्षी, १९०० साली, आलेली खेप तगली आणि श्रीनगरजवळ हारवनला वाढवली गेली. तिची देखभाल करणारा मिचेल नावाचा स्कॉटिश माणूस श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवायचा. दक्षिणेत निलगिरीवर रेनबो ट्राउट रुजली ती त्यानंतर, १९०७च्या सुमारास. थंड पाण्याचे आपले मूळचे मासे या पाहुणीपुढं मागं हटले, हेही खरं. तिकडे खेळासाठी साहेबाने ट्राउट आणली, इकडे १९५२ साली पोटासाठी चिलापी आणली, आणि आज आमच्या तळ्यात दहा मासे लागले तर आठ चिलापी असतात. परका कोण आणि घरचा कोण, हा वाद माशांत तरी मी घालणार नाही. चिलापीचं कालवण चांगलं होतं.

नुंदकोलवर कॅशियरसाहेबांनी पाण्यात उष्णतामापक सोडला होता. ९ अंश. ट्राउटला १० ते १५-१६ अंशांचं पाणी मानवतं, विशीच्या वर ती अस्वस्थ होते, पंचविशीच्या आसपास जीव जातो. कारण विचारलं की सगळे सांगतात, गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. हे मीही कित्येक जणांना सांगत आलो. मग गावी आल्यावर एका मे महिन्यात आमच्या तळ्याचं उरलंसुरलं पाणी मोजलं. ३१ अंश. बँकेतल्या माणसाला आकडे समोर असले की बेरीज केल्याशिवाय झोप येत नाही. समुद्रसपाटीला ९-१० अंशांच्या पाण्यात लिटरला साडेअकरा मिलिग्रॅमपर्यंत प्राणवायू मावतो. पण नुंदकोल साडेतीन हजार मीटरवर. तिथं हवाच विरळ, दाब दोन तृतीयांशाहूनही थोडा कमी. म्हणजे उरले सातच्या वर काहीतरी. आणि आमच्या तळ्यात ३१ अंशांना, या उंचीवर? सातच्या जरा खाली.

मी कागद दोनदा तपासला. दोन्ही तळ्यांत मावणारी हवा जवळपास सारखीच!

मग फरक कशात? फरक माशात. मासा थंड रक्ताचा, पाणी तापलं की त्याच्या आतला कारखाना जोरात चालतो आणि त्याला लागणारी हवा वाढत जाते. त्याच सात मिलिग्रॅमवर ट्राउट ९ अंशांत निवांत गस्त घालते आणि ३१ अंशांत गुदमरते. शिवाय सात हा आकडा फक्त दिवसाचा. आमचं तळं मेमध्ये शेवाळाने हिरवं झालेलं असतं. दिवसा ते शेवाळ हवा सोडतं, रात्री तेच हवा खातं, आणि पहाटेपर्यंत पाण्यात काही उरत नाही. उन्हाळ्यात सकाळी काठाला पांढरे पोट करून आलेले मृगळ दिसतात ते त्यामुळे.

मरळ मात्र दिसत नाही. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेची एक कोठी असते. ती वर येते, एक घोट हवा पिते, खाली जाते. पाण्यात प्राणवायू असो नसो, तिचं अडत नाही. तळं पार आटलं तर ती चिखलात शिरते आणि चिखल ओला आहे तोवर तग धरते. उलट तिला पाण्याखाली दाबून धरली, वर येऊच दिलं नाही, तर मासा असूनही ती बुडून मरते. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी मनात म्हटलं, ही आमच्याच तालुक्यातली.

२०१९ला मी परत आलो. आदल्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. जिल्हाभर चारा छावण्या होत्या, आमच्याही गावची गुरं छावणीत होती. तळ्याला तळ लागला होता. भेगाळलेल्या चिखलावर मी निळी काठी घेऊन उभा राहिलो, कशासाठी ते मलाच माहीत नाही. मधल्या खळग्यात थोडी ओल होती आणि गावातली तिघं-चौघं तिथं कुदळीने चिखल उलटत होती. मरळी काढत होती. एकाने मांडीएवढी वर काढली. बाहेर आल्यावरही ती तोंड उघडून हवा घेत होती, सवयीने. पावसाळ्यात याच लोकांनी लाल पिलांचा घोळका बघून गळ काढून घेतला असता. तेव्हा मी काही बोललो नाही. आता बोलावं असंही वाटत नाही. छावणीच्या वर्षी आबांनीही कुदळ घेतली असती का, याचा विचार मी पुष्कळ केला आहे.

पुढच्या दोन पावसाळ्यांत तळं भरलं. बीज कुठून आलं देव जाणे. ओढ्यांनी चढून आलं असेल, कुणी आणून टाकलं असेल, चिखलात काही उरलंही असेल. मी निवृत्ती घेऊन गावी आलो तेव्हा सांडव्यावरून पाणी जात होतं. पहिल्या संध्याकाळी स्पून बांधला, बांधावरून सरळ आत फेकला आणि सवयीने मोजायला लागलो. एक. दोन. चिलापी सहसा धातूला तोंड लावत नाही. मरळ लावते, पण ती काठच्या गवतात, उथळात. तिच्यासाठी मोजायची गरजच नाही. पाण्यावरून बेडकासारखं काहीतरी ओढलं की झालं. तरी मी मोजत राहिलो. दोरा ढिला पडेपर्यंत.

तो आकडा मी घरी येऊन कॅलेंडरवर लिहिला. महालक्ष्मीच्या कॅलेंडरवर, जिथं बायको दुधाचा हिशेब लिहिते, तिथंच. "अहो, हे काय?" तिने विचारलं. मी म्हटलं, दूधच आहे.

तेव्हापासून दर पंधरवड्याला बांधावरच्या त्याच दगडावर उभं राहून त्याच जागी फेकतो आणि मोजतो. दिवाळीत नऊ-दहा. संक्रांतीला सात. शिमग्याला चार. गुढीपाडव्यानंतर तीन, आणि मग असा एक दिवस येतो की एक म्हणायच्या आत स्पून चिखलात रुततो. मी काठी सोडवून घरी ठेवतो. मासे कधी लागतात, कधी नाही. लागले तर मेमध्ये मी सोडत नाही. तापल्या पाण्यात दमवलेला मासा सोडणं म्हणजे त्याला दुसरीकडे मारणं. आणि पावसाळ्यात, गवताकडेला पाणी खालून लाल झाल्यासारखं दिसलं, तर काठी पिशवीतून काढत नाही.

गेल्या कोजागरीच्या आधीची गोष्ट. पाऊस उघडला होता, सांडवा अजून पाझरत होता. मी फेकलं आणि ओठ हलवत उभा राहिलो. मागून नाना आले. आता त्यांना काठीशिवाय चालवत नाही. बांध चढताना दम लागतो, म्हणून ते मध्येच टेकले. दोरा ढिला पडला तशी मी रिळाची मूठ फिरवून रिकामा स्पून परत आणला.

"किती घावले?" त्यांनी खालूनच विचारलं.

"अकरा."

नानांनी माझ्या पिशवीकडे बघितलं. पिशवी चपटी, रिकामी, दगडावर पडलेली. मग त्यांनी पाण्याकडे बघितलं, बराच वेळ, आणि डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"म्हंजी पार महालक्ष्मीच्या दगडाच्याबी वर गेलं की," ते म्हणाले. "परत मोज बरं एकदा."